निखाऱ्यावरची कोळंबी: सबुरी कुठे, घाई कुठे

चिकन तंदुरीने आपल्या स्वयंपाकघरांना एक सवय लावून ठेवली आहे. काहीही भाजायचं म्हटलं की आदल्या रात्री दही-मसाला चोळायचा, भांडं फ्रिजमध्ये सारायचं आणि जितकं मुरेल तितकं चांगलं असं समजून झोपायला जायचं. कोंबडीच्या तंगडीला हे मानवतं, कोळंबीला मानवत नाही. लिंबू पिळून रात्रभर ठेवलेली कोळंबी सकाळी उघडून बघा. विस्तवाचं तोंड न बघताच ती पांढुरकी, शिजल्यासारखी दिसायला लागलेली असते. मग ती जाळीवर गेली की बाहेरून पिठूळ आणि आतून वातड होते. नाव मसाल्याचं खराब होतं, चूक घड्याळाची असते.

आंबट पदार्थ मांसातल्या प्रथिनांची घडी मोडतात. एरवी हेच काम उष्णता करते. कोंबडीचा तुकडा जाड, त्याचे धागे लांब आणि त्यांना बांधून ठेवणारं आवरण चिवट, त्यामुळे आम्ल थोडं आत जाऊन थांबलं तरी बिघडत नाही. कोळंबी सोलल्यावर दीड-दोन सेंटिमीटर जाडीची उरते, चहूबाजूंनी उघडी आणि मुळातच मऊ. शिवाय ज्यासाठी एवढं ताटकळायचं, तो मसाल्याचा स्वाद आत जातच नाही. हळद, तिखट, लसूण, मिरी अर्धा तास ठेवा की आठ तास, बहुतांशी वरच राहतात. खरोखर आत उतरतं ते मीठ, आणि एवढ्याशा मांसात उतरायला त्याला १५-२० मिनिटं पुरतात.

तेव्हा या पदार्थात सबुरी लागते ती बाजारात, कोळंबी कोरडी करताना आणि कोळसे फुलेपर्यंत. आंबट लावल्यापासून ताटात येईपर्यंत मात्र घाईच करायची.

सुरुवात आकारापासून. करंदी, म्हणजे अगदी बारकी कोळंबी, चवीला कितीही गोड असली तरी जाळीवर तिचं काम नाही. ती अर्ध्या मिनिटात शिजते आणि तेवढ्या वेळात मसाल्याला रंगही येत नाही. करंदी तव्यावरच्या सुक्यासाठी ठेवावी. भाजायला डोक्यासकट २० ते ३० ग्रॅमचा एक नग हवा, म्हणजे किलोला साधारण ३५ ते ५० नग. कोळणीकडे वाट्याने घ्यायची असेल तर एक नग उचलून डोकं सोडून उरलेलं अंग आपल्या मधल्या बोटाशी ताडून पाहावं. बोटाइतकं लांब आणि बोटापेक्षा जाड असेल तर चालेल. वाट्यात वर मोठी आणि खाली बारकी रचलेली असते, म्हणून हात घालून खालचीही बघावी. यात कोळीण रागावत नाही. रागावली तर भाव करायला विषय मिळतो. गोठवलेल्या पाकिटावर १६/२०, २१/२५, ३१/४० असे आकडे असतात. ते एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते सांगतात. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. डोकं काढलेल्या मालात २१/२५ किंवा त्याहून लहान आकडा घ्यावा. ३१/४० च्या पुढे गेलात तर सळईवर ओवताना वैताग येतो.

जात कोणती, याचा वाद बाजारात बराच चालतो. वाघ कोळंबीच्या अंगावर गडद पट्टे असतात, साल जाड असते, आणि सालीसकट भाजायला तिच्यासारखी दुसरी नाही. व्हॅनामी ही मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आज शहरात जी 'पांढरी कोळंबी' मिळते ती बहुतेक हीच, बरीचशी आंध्रच्या तलावांतून आलेली. साल पातळ, मांस गोडसर आणि आकार सारखा असल्यामुळे सगळे नग एकाच वेळी शिजतात, हा तिचा मोठा गुण. अधूनमधून तिला तलावाच्या मातीचा वास येतो. कोकम, चिंच, व्हिनेगर यांतल्या आम्लाने तो बराच कमी होतो, म्हणून तलावाची कोळंबी दह्यापेक्षा आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, जास्त शोभते. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत समुद्राची मोठी, ताजी कोळंबी म्हणून कोणी छातीठोकपणे विकत असेल तर जरा खोदून विचारावं. त्यापेक्षा तलावाची किंवा चांगली गोठवलेली घेतलेली बरी.

धक्क्यावरून आणली म्हणजे ताजी, हा दुसरा गैरसमज. मुंबईच्या ससून डॉकला पहाटे उतरणाऱ्या मोठ्या ट्रॉलरच्या पोटात माल काही दिवस बर्फात राहिलेला असू शकतो. छोट्या होडीची, सकाळी जाऊन संध्याकाळी परतलेली कोळंबी त्याहून ताजी असते. पण शेवटी परीक्षा मालाचीच करायची. डोकं अंगाला घट्ट असावं, साल चकचकीत आणि मांसाला चिकटलेली असावी, वास समुद्राचा असावा. अमोनियाचा झणका आला तर भाव न विचारता पुढे जावं. डोक्याच्या कडेला आणि सालीच्या जोडांवर काळे डाग दिसतात ते कोळंबीच्या स्वतःच्याच विकरांमुळे (एन्झाइम्समुळे), चिरलेलं वांगं काळं पडतं तसे. थोडे डाग म्हणजे माल सडला असं नव्हे, पण पकडून बराच वेळ झाला हे नक्की. डोकं लोंबत असेल आणि त्याखालचं मांस बोटाला पिचपिचीत लागत असेल तर मात्र तो माल कालवणालाही घेऊ नये. डोक्यात पाचक ग्रंथी असते, तिच्यातली विकरं मेल्यानंतर शेजारचं मांस पचवायला लागतात आणि मऊपणा मानेपासून सुरू होतो. कोणताही मसाला किंवा कितीही आच तो मऊपणा परत घट्ट करत नाही. त्यामुळे घरी आणल्या आणल्या, दुसरं काहीही करण्याआधी, डोकी काढावीत. टाकू नयेत, त्यांचं काम शेवटी आहे. वेळ नसेल तर चाळणीत बर्फ, त्यावर कोळंबी, त्यावर पुन्हा बर्फ आणि खाली पातेलं, असं फ्रिजमध्ये ठेवावं. वितळलेल्या पाण्यात ती बुडून राहता कामा नये, चव पाण्यात निघून जाते.

गोठवलेली कोळंबी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की सकाळी सुटते. विसरलात तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात ३०-४० मिनिटं. गरम पाणी आणि मायक्रोवेव्ह दोन्ही नको, कडा शिजतात आणि मधे बर्फ राहतो. पाकिटावरचा घटकांचा मजकूर वाचावा. त्यात फॉस्फेट असेल तर त्या कोळंबीने पाणी धरून ठेवलेलं असतं. ती दिसायला टपोरी आणि काचेसारखी असते, पण आचेवर पाणी सोडत राहते आणि तिला रंग चढत नाही. अशा पाकिटात बरेचदा मीठही आलेलं असतं. मग आपण घालायचं मीठ निम्मं करावं.

सोलताना शेपूट आणि त्याला लागून असलेलं सालीचं शेवटचं कडं ठेवावं. धरायला मूठ मिळते आणि शेपटीकडचं बारीक मांस करपत नाही. पाठीवर कात्रीने किंवा सुरीच्या टोकाने जेमतेम तीन मिलिमीटर चीर देऊन काळा दोरा काढावा. हे आतडं. त्यात वाळू असली की दाताखाली कचकचते, आणि एका कचकचीत घासाने सगळी मेहनत वाया जाते. पोटाच्या बाजूला एक पांढरट दोरा असतो, ती मज्जातंतूची शीर, तिला हात लावायची गरज नाही. पाठीची चीर फार खोल गेली तर कोळंबी पुस्तकासारखी उघडते आणि कडा कोरड्या पडतात. सालीसकट भाजायची असेल तर पाठीवरून कात्रीने साल कापायची, दोरा काढायचा आणि मसाला त्या फटीतून आत भरायचा. सालीवरून चोळलेला मसाला सालीबरोबर ताटलीत राहतो आणि पाहुणे बोटं चाटत बसतात. एक किलो अख्ख्या कोळंबीतून सोलून ५०० ग्रॅमच्या आसपास माल हातात येतो. पुढची सगळी मापं या ५०० ग्रॅमची आहेत. मोठा चमचा १५ मिलीचा, लहान ५ मिलीचा.

आधी मीठ आणि हळद. पाऊण लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा हळद, नीट चोळून १५ मिनिटं फ्रिजमध्ये. भांड्यात पिवळं पाणी सुटेल, ते ओतून टाकायचं. कोळंबी पुन्हा धुवायची नाही. स्वच्छ, कोरड्या सुती फडक्यावर एका थरात पसरायची, वरून दुसरं फडकं दाबायचं, आणि मग ताटात मोकळी पसरून, न झाकता, फ्रिजमध्ये २०-३० मिनिटं ठेवायची. ही पायरी बहुतेक पाककृतींत नसते, आणि घरची कोळंबी हॉटेलसारखी का होत नाही याचं निम्मं उत्तर इथे आहे. पाणी १०० अंशांना उकळतं आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान त्याच्या वर सरकत नाही. खमंगपणा आणि तपकिरी डाग येतात ते १४० अंशांच्या पुढे. कोळंबी आतून तयार व्हायला एकूण तीन-चार मिनिटं लागतात. त्यातली दोन-अडीच मिनिटं पाणी उडवण्यात गेली तर भाजायला उरतं काय? मग आपण रंग येईपर्यंत ठेवतो आणि आतला भाग वातड होऊन बसतो. ओली कोळंबी भाजली जात नाही, वाफवली जाते.

कोळंबीला दाताखाली टचकन तुटणारा घट्टपणा हवा असेल तर मिठाबरोबर पाव लहान चमचा खाण्याचा सोडा लावण्याची चिनी स्वयंपाकातली युक्ती आहे. सोड्याने मांस अल्कधर्मी होतं आणि पाणी धरून ठेवतं. युक्ती खरी आहे, पण आगळ किंवा दही लावलं की दोघं एकमेकांचं काम निकामी करतात. तेव्हा सोडा लावलात तर मसाल्यात आंबट नको, लिंबू ताटात. आणि सोडा पावच, अर्धा झाला की साबणासारखी चव येते.

आता मसाला. किनाऱ्यावरच्या घरांत आगळ, लसूण आणि तिखट हे त्रिकूट इतकं जुळलेलं आहे की त्यात फार कारागिरी करू नये. लसणाच्या दहा पाकळ्या, बोटाच्या एका पेराएवढं आलं, दोन लहान चमचे तिखट (त्यातलं दीड ब्याडगीचं रंगासाठी, अर्धं संकेश्वरीचं झोंबण्यासाठी), पाव लहान चमचा मिरपूड, एक लहान चमचा तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे तेल आणि एक मोठा चमचा आगळ. आलं-लसूण वाटताना पाणी घालायचं नाही. मिक्सरचं लहान भांडं फिरत नसेल तर यातलंच तेल घालावं. पाण्याचा एकेक थेंब जाळीवर त्रास देतो.

इथे एक अडचण येते. कोळंबी चार मिनिटांत होते, पण तेवढ्यात लसणाचा आणि तिखटाचा कच्चेपणा जात नाही. उपाय असा की वाटण त्या तेलात मंद आचेवर ३०-४० सेकंद परतायचं, लसणाचा उग्र वास गेला की गॅस बंद करून मग तिखट आणि मिरपूड घालायची. तिखटाचा रंग आणि झणका दोन्ही तेलात उतरतात, म्हणून गरम तेलात ते फुलतं. गॅस चालू असताना घातलंत तर काळं पडतं आणि घरभर ठसका उठतो. मिश्रण पूर्ण थंड करून, तांदळाचं पीठ घालून कोरड्या कोळंबीला चोळावं. कोमट मसाला लावला तर कोळंबी तिथेच शिजायला लागते. खोबरेल वापरत असाल तर फ्रिजमध्ये ते गोठेल आणि मसाल्याचे गोळे होतील. भाजण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढलं की पुन्हा सुटतं. या अवस्थेत, म्हणजे तेल-मसाला लावून पण आंबटाशिवाय, कोळंबी दोन-तीन तास फ्रिजमध्ये निर्धास्त राहते. पाहुणे येणार असतील तर तयारी इथपर्यंत करून ठेवावी.

आगळ सगळ्यात शेवटी, कोळसे तयार होत आले की. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बहुतेक आगळात मीठ असतंच, म्हणून सुरुवातीला मीठ पाऊण चमचा. बिनमिठाचं आगळ असेल किंवा आंबट नंतर लिंबाचं द्यायचं असेल तर पूर्ण चमचा. आगळ नसेल तर चार-पाच आमसुलं दोन मोठे चमचे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, कुस्करून, घट्ट पिळून घ्यावीत. चिंचेचा कोळ चालतो, फक्त तो चटणीइतका दाट हवा. लिंबाचा रस मसाल्यात घालण्यापेक्षा ताटात पिळलेला केव्हाही चांगला. भाजताना त्याचा सुगंध उडून जातो आणि मागे नुसता आंबटपणा उरतो.

दह्याचा मसाला करायचा असेल तर तो वेगळ्या स्वभावाचा. दह्याचं आम्ल सौम्य, त्यामुळे तासभर ठेवलं तरी चालतं. पण पातळ दही कोळंबीवरून घसरतं आणि निखाऱ्यावर टपकून ते विझवतं. दही फडक्यात तीन-चार तास टांगून त्याचा चक्का करावा आणि त्यातला तीन मोठे चमचे घ्यावा. एक मोठा चमचा बेसन कोरडं भाजून घातलं की मसाला चिकटून राहतो. कच्चं बेसन घातलंत तर चार मिनिटांत ते शिजत नाही आणि जिभेवर पीठ लागतं. मोहरीचं तेल, पाव चमचा ओवा, चुरलेली कसुरी मेथी. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतली तंदुरी कोळंबी बहुधा या वळणाची. तिथे मसाला दोनदा लावतात: आधी मीठ, आलं-लसूण आणि लिंबू, ते पाणी काढून टाकून मग दह्याचा लेप. घरीही तोच क्रम ठेवावा. लग्नाच्या बुफेतली वातड असते कारण ती आधी अर्धी भाजून ठेवतात आणि आयत्या वेळी पुन्हा गरम करतात. त्यात आचाऱ्याचा फार दोष नाही, रांग लांब असते.

गोव्याचा रेशाद मसाला बाटलीतून काढून थेट लावता येतो आणि बांगड्यासारखाच कोळंबीलाही शोभतो, पण त्यात व्हिनेगर आणि बहुधा साखर असते. साखर निखाऱ्यावर आधी करपते. म्हणून थर पातळ, दीड मोठा चमचा फार झाला, आणि लावून दहा मिनिटांत जाळीवर. मालवणी मसाल्याचंही जपून. त्यातले धने-मिरच्या आधीच भाजलेल्या असतात, पुन्हा उघड्या विस्तवावर त्या कडवट व्हायला वेळ लागत नाही. मालवणी मसाला कालवणात राजा आहे, जाळीवर त्याला अर्ध्या चमच्याच्या वर मान देऊ नये. बारीक चिरलेली कोथिंबीर, लसणाचे तुकडे, मध, बाटलीतले गोड सॉस हे सगळं भाजल्यानंतर. कच्ची पपई आणि ताजा अननस मात्र कधीच नाही. मटणाला मऊ करणारी त्यातली विकरं कोळंबीचा अर्ध्या तासात लगदा करतात.

बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात. तरी उघडी टोकं काळी पडतातच, ती कोळंबीने झाकावीत किंवा जाळीबाहेर ठेवावीत. एका काडीवर ओवलेली कोळंबी उलटताना गरकन फिरते आणि तीच बाजू पुन्हा खाली येते. म्हणून दोन काड्या समांतर, एक शेपटीजवळून आणि एक मानेजवळून. चपटी लोखंडी सळई असेल तर एक पुरते. नगांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी, घट्ट रेटून बसवले तर सांध्यात कच्चे राहतात. सरळ लांब कोळंबी हवी असेल तर पोटाच्या बाजूला आडव्या तीन-चार उथळ चिरा द्याव्यात. त्या बाजूचे स्नायू आखडतात म्हणून ती वळते.

लाकडी कोळसाच वापरावा. दगडी कोळशाचा गंधकाचा वास मसाल्यात बसतो, रॉकेल शिंपडून पेटवला तर रॉकेलचा. शेगडीत खाली कागद-काटक्या, वर कोळसे, आणि पंखा किंवा सूप घेऊन २५-३० मिनिटं. ज्वाळा असताना कोळंबी ठेवायची नाही. निखारे आतून लाल आणि वरून राखाडी झाले की वेळ आली. जाळीच्या उंचीवर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच बरोबर, पाच सेकंद धरवला तर अजून वारा घाला. जाळी निखाऱ्यांपासून आठ-दहा सेंटिमीटरवर. शेगडी गच्चीवर किंवा अंगणात. बंद स्वयंपाकघरात किंवा काचा लावलेल्या गॅलरीत कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस मारतो, याला 'खिडकी थोडी उघडी होती' हे उत्तर पुरत नाही.

जाळी आधी चांगली तापवावी, घासून घ्यावी, आणि काट्याला खोचलेला अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावर फिरवावा. मग सळया ठेवायच्या आणि हात आवरायचा. सोललेल्या २०-२५ ग्रॅमच्या कोळंबीला पहिली बाजू दोन मिनिटं, दुसरी एक ते दीड. सालीसकट असेल तर तीन आणि दोन. पन्नास ग्रॅमच्या वरची, पाठीतून उघडलेली मोठी वाघ कोळंबी आधी सालीच्या बाजूने तीन-चार मिनिटं आणि मग मांसाच्या बाजूने जेमतेम एक. पहिल्या मिनिटात सळई हलवली तर मसाला जाळीला राहतो. रंग धरला की कोळंबी आपोआप सुटते, चिमट्याने ओढावं लागत असेल तर अजून वेळ आहे असं समजावं.

नारिंगी रंगावर विसंबू नये. तो रंग कवचात आणि कातडीत आधीपासून असतो, प्रथिनाला बांधलेला आणि म्हणून करडा-निळसर दिसणारा. उष्णतेने प्रथिन सुटलं की नारिंगी उघडा पडतो आणि हे आतलं मांस शिजण्याआधीच होतं. बघायचं मानेकडचं सर्वात जाड टोक, पाठीच्या चिरेतून. काचेसारखी पारदर्शकता जाऊन दुधी रंग आला आणि अगदी मध्यात किंचित ओलसर चकाकी उरली की उतरवावी, उरलेलं काम आतली उष्णता करते. थर्मामीटर असेल तर ६३ अंश. सैल अर्धगोलात वळलेली कोळंबी झालेली असते. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून पूर्ण वेटोळं झालं तर उशीर झाला.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात वितळलेलं लोणी किंवा तेल ब्रशने लावावं. आधी लावलं तर ते टपकून ज्वाळा उठतात आणि काजळीचा कडू थर बसतो. कच्ची कोळंबी ज्यात होती तो भांड्यातला उरलेला मसाला वरून फासू नये. फासायचा असेल तर सुरुवातीलाच थोडा वेगळा काढून ठेवावा.

कोळसा जमत नसेल तर लोखंडी तवा. बिडाचा, जाड, पाच मिनिटं मोठ्या आचेवर तापवलेला, आणि एका वेळी अर्धीच, म्हणजे अडीचशे ग्रॅम कोळंबी. सगळी एकदम टाकली की तवा थंड होतो, पाणी सुटतं आणि भाजण्याची उकड होते. ओटीजीत वरचा रॉड, २३०-२५० अंश, पंधरा मिनिटं आधी तापवलेला. कोळंबी ट्रेमध्ये ठेवायची नाही, तारेच्या रॅकवर ठेवून खाली ट्रे सरकवायचा, नाहीतर ती स्वतःच्या पाण्यात शिजते. वरच्या रॉडपासून आठ-दहा सेंटिमीटरवर एका बाजूला तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन. एअर फ्रायरला २०० अंशांवर सहा-सात मिनिटं, मधे एकदा उलटून. पापडाच्या जाळीवर थेट गॅसच्या ज्योतीवरही होते, पण बर्नर साफ करायची तयारी हवी. हॉटेलच्या तंदुरात ४०० अंशांच्या आसपास धग असते, घरच्या ओव्हनकडून तसे काळे डाग मागू नयेत. धुराचा वास हवा असेल तर भाजून झाल्यावर पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात एक लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि झाकण दीड मिनिट. कोळंबी धूर पटकन घेते, पाच मिनिटं धुंगार दिला तर दुसरी चवच लागत नाही.

पाहुण्यांत शाकाहारी कोणी असेल तर पनीर आणि कणसं आधी भाजून घ्यावीत, जाळी एकच असते. कवचाच्या माशांची ॲलर्जी असणाऱ्याला तर जाळी, चिमटा, ब्रश सगळंच वेगळं लागेल. शिजवल्याने ती ॲलर्जी जात नाही, हे काही जणांना अजून पटवून सांगावं लागतं.

बरोबर कांद्याच्या चकत्या, लिंबू आणि सोलकढी. सोलकढी थोडी फिकी ठेवावी, कोळंबीवर आगळ आधीच आहे. भाकरी तांदळाची, पण ती आधी करून कपड्यात गुंडाळून ठेवायची. भाजलेली कोळंबी भाकरीची वाट बघत बसली तर पाच मिनिटांत तिचा ताव उतरतो.

आणि डोकी-साली. चमचाभर तेलात त्या नारिंगी होईपर्यंत परताव्यात, डोकी डावाने दाबावीत, चार मिरीदाणे आणि ७०० मिली पाणी घालून २० मिनिटं उकळावं आणि गाळावं. अर्ध्या तासाच्या पुढे उकळलं की कडवटपणा उतरतो. या पाण्यात दुसऱ्या दिवशी दोन वाट्या तांदळाचा कांदा-टोमॅटो घातलेला भात होतो. भाजलेली कोळंबी उरली असेल तर तिचे तुकडे करून गॅस बंद केल्यावर भातावर पसरावेत आणि पाच मिनिटं झाकण ठेवावं. भाताबरोबर शिजायला घातले तर ते वातड होतील.